चाकांवरचे अवजारांचे कपाट कामाच्या वेळी जागचे हलू नये म्हणून

घरच्या घरी सुतारकाम किंवा दुरुस्तीची कामे करणाऱ्याला स्वतंत्र कार्यशाळा क्वचितच मिळते. पार्किंगचा कोपरा, गच्चीवरची पत्र्याची खोली, जुन्या घराची ओसरी अशा, इतरांच्याही वहिवाटीच्या जागेत काम उरकावे लागते, आणि म्हणूनच अवजारांचे कपाट चाकांवर बांधण्याची कल्पना जवळजवळ प्रत्येकाला सुचते. १८ मिमी प्लायचे, चार फूट लांब, दोन फूट खोल आणि कमरेइतके उंच कपाट, माथ्यावर दुहेरी प्लायचा ओटा आणि खाली चार चाके अशी त्याची सर्वसाधारण ठेवण असते. काम संपले की ते भिंतीशी ढकलले जाते आणि गाडीला जागा मोकळी होते. अडचण सुरू होते ती त्याच ओट्यावर फळी अडकवून रंधा मारायला घेतल्यावर. कपाट रंध्यापुढे पळू लागते, किंवा ब्रेक लावलेला असूनही डावीउजवीकडे हेलकावे खाते, आणि मग एका हाताने काम धरायचे, दुसऱ्याने अवजार चालवायचे आणि पायाने कपाट अडवायचे असा प्रकार होऊन बसतो. यंत्राचे पाते फिरत असताना असे करणे सरळ धोक्याचे आहे.

यावरचे उपाय अनेक आहेत आणि त्यांतले बहुतेक स्वस्त आहेत. पण निवड करताना एक गोष्ट पक्की धरावी: चाक हे कपाट नेण्या-आणण्यासाठी असते, ते उभे ठेवण्यासाठी नसते. कपाट उभे असताना त्याचे वजन चाकांवरून निघून पक्क्या पायांवर गेले, तर ते हलत नाही. वजन चाकांवरच राहिले, तर कितीही चांगला ब्रेक लावला तरी थोडी हालचाल उरतेच.

वजन आणि जोर यांचा हिशेब

आठ बाय चार फुटांच्या १८ मिमी प्लायचे वजन साधारणपणे ३० ते ३५ किलो भरते. वर सांगितलेल्या मापाचे कपाट खणांसह बांधले की ते रिकामे असतानाच ७० ते ८० किलोंच्या घरात जाते, आणि ड्रिल, ग्राइंडर, पाने, क्लॅम्प, खिळे-स्क्रूचे डबे भरल्यावर १५०-१६० किलो सहज होते. एवढे जड कपाट हलेल कसे, असे वाटते. पण कोब्यासारख्या कडक जमिनीवर कडक चाकाला ढकलायला लागणारा जोर वजनाच्या दोन-तीन टक्क्यांहून फारसा जास्त नसतो. म्हणजे १६० किलोंचे कपाट चार-पाच किलोंच्या जोरानेही चालू लागते. धार लावलेला रंधा चालवतानासुद्धा दहा-वीस किलोंचा आडवा जोर लागतो, म्हणून कपाट पळते यात नवल काहीच नाही.

तेच कपाट रबराचे तळवे लावलेल्या चार पायांवर ठेवले, तर कोरड्या, स्वच्छ सिमेंटवर त्याला सरकवायला वजनाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ८० किलोंपेक्षा जास्त जोर लागतो. इतका जोर हाताच्या कामात कधीच येत नाही. मात्र ‘कोरड्या’ आणि ‘स्वच्छ’ या दोन शब्दांकडे दुर्लक्ष करू नये, कारण रबराखाली लाकडाचा बारीक भुसा गेला की पकड बरीच कमी होते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर तर भुसा आणि रबर मिळून चक्क घसरगुंडी होते. कपाट टेकवण्याआधी पायांखालची जागा झाडूने साफ करणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा उपाय आहे.

आधी दोष ओळखावा

कपाट हलते असे आपण म्हणतो तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टी घडत असू शकतात आणि प्रत्येकीचा इलाज निराळा आहे. त्या वेगळ्या काढण्यासाठी कपाट नेहमीच्या जागी उभे करावे, ब्रेक लावावेत आणि प्रत्येक चाक जमिनीला जिथे टेकते तिथे खडूने बारीक रेघ मारावी. मग ओट्याच्या कडेला दोन्ही हात लावून, रंधा मारताना जोर ज्या दिशेने जातो त्या दिशेने ढकलावे आणि दुसऱ्या कोणाला तरी खाली वाकून पाहायला सांगावे.

चाक खडूची रेघ सोडून पुढे गेले, तर ब्रेक निकामी आहे किंवा चाक लॉक होऊनही घसरते आहे. चाक जागेवरच आहे पण त्यावरचा कपाटाचा कोपरा बाजूला सरकला, तर दोष फिरत्या चाकाच्या बांधणीतला आहे: फिरत्या कॅस्टरमध्ये, म्हणजे कोणत्याही दिशेला वळणाऱ्या चाकात, चाकाचा आस आणि ज्याभोवती चाक वळते त्या वरच्या खिळीचा मध्य एका रेषेत नसतात, त्यांच्यात तीन-चार सेंटिमीटरचे अंतर असते, आणि चाक फिरायचे थांबले तरी कपाट त्या खिळीभोवती झुलत राहते. चाके आणि खालचा तळ दोन्ही स्थिर आहेत, तरी ओटा हलतो, तर कपाटाची चौकटच लचकते आहे. आणि ढकलताना एखादे चाक जमिनीवरून उचलले जात असेल, तर जमीन असमान आहे आणि कपाट तीनच चाकांवर उभे आहे.

चौकट लचकत असेल तर चाकांवर एक रुपयाही खर्च करू नये. मागच्या बाजूला पूर्ण मापाचा प्लाय, किमान ६ मिमी आणि शक्यतो १२ मिमी, चारही कडांना फेव्हिकॉल आणि दर चार-पाच इंचांवर स्क्रू लावून बसवावा. नुसत्या चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेली पाठ काही महिन्यांत सैल होते. पाठ बसवण्यापूर्वी कपाटाचे दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे करून घ्यावेत, नाहीतर वाकडेपणा कायमचा पक्का होईल.

ब्रेकच्या चाकांकडून काय अपेक्षा ठेवावी

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर गेल्यास शंभर प्रकारची चाके दिसतात आणि दुकानदार सहसा ‘दोन ब्रेकवाली, दोन साधी’ असा संच पुढे करतो. खुर्ची-टेबलासाठी तो ठीक आहे. कामाच्या कपाटाला तो पुरत नाही, कारण ब्रेक नसलेली बाजू ब्रेक असलेल्या बाजूभोवती फिरत राहते. चाकांवरच कपाट उभे ठेवायचे असेल तर चारही चाके ब्रेकची घ्यावीत. तीही चाकाचे फिरणे आणि वरच्या खिळीचे वळणे दोन्ही एकाच वेळी अडवणारी असावीत. दुकानात चाक हातात घेऊन पाहिले की फरक लगेच कळतो: ब्रेक दाबून वरची पट्टी हाताने वळवून पाहावी, ती वळत असेल तर तो अर्धाच ब्रेक आहे.

वजनाची क्षमता पाहताना कपाटाचे एकूण वजन चारने नव्हे, तीनने भागावे, कारण आपल्याकडच्या बहुतेक जमिनींवर चारांपैकी एक चाक जवळजवळ रिकामेच राहते. भरलेले कपाट १८० किलोंचे धरले तर प्रत्येक चाक किमान ६० किलो पेलणारे हवे. नायलॉनचे चाक कणखर आणि स्वस्त असते, पण टाइल्सवर लॉक होऊनही घसरते आणि कोब्यावर खडखडते. पीयूचे (पॉलियुरेथेनचे) चाक पकड चांगली धरते, मात्र कोकणासारख्या सतत दमट हवेत काही पीयू चाकांचा थर काही वर्षांनी ठिसूळ होऊन झडू लागतो. मऊ रबराचे चाक महिनोन्महिने एकाच जागी वजनाखाली राहिले तर एका बाजूने चपटे होते आणि फरशीवर काळा डागही सोडते. माझ्या मते ७५ किंवा १०० मिमी व्यासाचे पीयूचे चाक हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.

चाक बसवताना लाकडाचे स्क्रू वापरू नयेत. प्लायचा तळ दुहेरी करून ३६ मिमी जाड करावा आणि चाकाची पट्टी ८ मिमीच्या आरपार बोल्टने, वरून मोठा वायसर घालून कसावी. एवढे केल्यावर हलकी कामे, म्हणजे ड्रिलने भोके पाडणे, पॉलिश पेपर मारणे, सोल्डरिंग करणे, निर्धास्त होतात. रंधा, पटाशी आणि हातकरवत यांच्यासाठी पुढे जावे लागते.

पाचर: भाड्याच्या जागेतला इलाज

जिथे कपाटात फारसा बदल करायचा नाही, तिथे पाचर पुरते. पण ती चाकाला लावायची नाही. चाकापुढे लावलेली पाचर चाकाचे गडगडणे थांबवते, खिळीभोवतीचे झुलणे नाही. पाचरांची जोडी कपाटाच्या तळाखाली घालायची असते, म्हणजे वजनच त्यांच्यावर येते.

सागवानाच्या किंवा बाभळीच्या टणक तुकड्यातून सुमारे २१० मिमी लांब आणि जाड टोकाला ३० मिमी अशा आठ पाचरी कापाव्यात. हा उतार सातास एक असा, म्हणजे साधारण आठ अंशांचा होतो, आणि एवढ्या कमी उतारावर लाकूड लाकडावरून आपोआप मागे घसरत नाही. तळ आणि जमीन यांतले अंतर भरून काढायला प्रत्येक कोपऱ्याखाली आधी एक लाकडी ठोकळा ठेवावा. ठोकळ्याची उंची त्या अंतरापेक्षा २० ते २५ मिमी कमी असावी आणि त्याच्या बुडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवावा. ठोकळ्यावर दोन पाचरी समोरासमोरून, उतार एकमेकींवर येईल अशा सरकवाव्यात आणि लाकडी हातोडीने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोकाव्यात. वरचा आणि खालचा पृष्ठभाग समांतर राहतो आणि कपाट सरळ वर उचलले जाते. चाक हाताने मोकळे फिरू लागले की थांबावे. हे सगळे करायला चार-पाच मिनिटे लागतात, आणि रोज कपाट हलवणाऱ्याला त्याचा कंटाळा येणार हे उघड आहे.

स्क्रूचे पाय

कपाट आठवड्यातून एखाद्या वेळीच हलत असेल, तर चारही कोपऱ्यांत उंची कमी-जास्त करता येणारे स्क्रूचे पाय बसवणे हा नेटका उपाय आहे. १२ मिमी जाडीचा पूर्ण आट्यांचा बोल्ट घ्यावा, ज्याच्या टोकाला रबरी तळवा असतो. त्याच्या एका पूर्ण फेऱ्यात पाय १.७५ मिमी खाली येतो, म्हणजे जमिनीला टेकल्यानंतर तीन फेऱ्यांत चाक पाच मिमी वर उचलले जाते. १० मिमीचा बोल्टही चालतो. त्याचा आटा दीड मिमीचा असतो.

येथे एक चूक फार दिसते. नट कपाटाच्या तळात बसवला जातो आणि चाकाच्या उंचीमुळे त्याखाली शंभर मिमी बोल्ट उघडा लोंबतो. असा लांब बोल्ट उभे वजन पेलतो, पण आडव्या जोराने लवतो, आणि कपाट पुन्हा डुगडुगते. म्हणून तळाखाली सागवानाचा ७५ × ७५ मिमीचा ठोकळा दोन बोल्टने पक्का करून, नट त्या ठोकळ्याच्या खालच्या टोकात बसवावा. उघडा बोल्ट ४० मिमीपेक्षा जास्त दिसू नये.

पाय लावताना जमिनीचा उतार लक्षात घ्यावा. पार्किंगला पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम ढाळ दिलेला असतो. तो शंभराला एक असला, तरी चार फुटांच्या कपाटाच्या दोन टोकांत १२ मिमीचा, म्हणजे सुतारी मापात चार सुतांचा फरक पडतो. आधी तीन पाय टेकवून ओट्यावर लेव्हल ठेवावी आणि दोन्ही दिशांनी पाणसळ साधून घ्यावी, कारण तीन पायांवरची वस्तू कधीच डुगडुगत नाही. चौथा पाय जमिनीला नुसता लागेपर्यंत खाली आणावा आणि वर पाव फेरा द्यावा. चौथा पाय जास्त कसला तर शेजारचा पाय उचलला जातो आणि मग माणूस चारही पायांशी झुंजत बसतो.

पायफळी: पायाने दाबून उचलायची चाके

रोज कपाट बाहेर काढून रोज परत ठेवणाऱ्यासाठी सर्वांत चांगली रचना ही आहे, आणि थोडी मेहनत घेऊन ती घरी करता येते. यात कपाट एरवी स्वतःच्या लाकडी पायांवर उभे असते. दोन्ही टोकांना बिजागऱ्यांवर एकेक फळी बसवलेली असते आणि चाके त्या फळीच्या खाली असतात. फळी पायाने दाबली की ती तरफेसारखी काम करते, कपाटाचे ते टोक वर उचलले जाते आणि एक टेकू फळीवर उभा राहून तिला खालीच धरून ठेवतो. टेकू काढला की कपाट पायांवर बसते. या फळीला आपण पायफळी म्हणू.

सुरुवात चाकापासून करावी. ७५ मिमीचे फिरते चाक घेऊन त्याची जमिनीपासून वरच्या पट्टीपर्यंतची पूर्ण उंची मोजावी. ती साधारण १०० मिमी भरते, पण प्रत्येक बनावटीत थोडी निराळी असते, म्हणून आधी चाके विकत घ्यावीत आणि मगच लाकूड कापावे. कपाटाच्या पायांची उंची ही चाकाच्या उंचीपेक्षा १० मिमी कमी ठेवावी, म्हणजे आपल्या उदाहरणात ९० मिमी. पाय सागवानाचे करावेत. ते कपाटाच्या पुढच्या आणि मागच्या कडेशी भिडलेले असावेत, पण लांबीच्या टोकांपासून १०० मिमी आत असावेत, कारण चाक वळून आत आले तर त्याला तेवढी मोकळी जागा लागते. पायांच्या बुडाला ५-६ मिमी जाडीच्या रबराचे तुकडे लावावेत. जुन्या कन्व्हेयर बेल्टचे रबर भंगारवाल्याकडे मिळते आणि ते या कामाला अगदी योग्य आहे. रबराची जाडी ९० मिमीच्या मापात धरलेली असावी. रबराचा दुसरा फायदा असा की पावसाळ्यात जमिनीला ओल येते ती लाकडात चढत नाही.

पायफळी दोन १८ मिमी प्लाय एकमेकांना चिकटवून ३६ मिमी जाड करावी. लांबी कपाटाच्या खोलीइतकी, म्हणजे ६०० मिमी, आणि रुंदी १५० मिमी. चाकाच्या खिळीचा मध्य बिजागरीच्या कडेपासून ५० मिमीवर यावा आणि फळीच्या दोन्ही टोकांपासून ७० मिमी आत असावा. ५० मिमीचे हे माप महत्त्वाचे आहे: एका टोकावर ८० किलो वजन येत असेल, तर चाकापासून बिजागरी ५० मिमीवर आणि पायाचा दाब १०० मिमीवर अशी तरफ मिळाल्याने ४० किलोंच्या दाबात काम होते, जे एका पायावर भार दिल्याने सहज साधते. चाक बाहेरच्या बाजूला वळलेले असेल तर मात्र हे गणित बिघडते, कारण जमिनीला टेकलेली जागा तीसेक मिमी बाहेर जाते आणि दाब दुपटीहून जास्त लागतो. उचलण्यापूर्वी चाके बोटाने आत, कपाटाच्या खाली वळवून घ्यावीत.

आता जोडणी. कपाटाच्या आतल्या बाजूला, बाजूच्या प्लायला लागून आणि दुहेरी तळाच्या वर, ५० × ५० मिमीची सागवानी पट्टी चिकटवून स्क्रूने बसवावी. बिजागरीचे बोल्ट याच पट्टीतून जायचे आहेत. मग कपाटाच्या चारही पायांखाली १० मिमी जाडीचे तुकडे ठेवून ते सारखे उचलून घ्यावे. चाके बसवलेली पायफळी बाजूला भिडवून ठेवावी. चाके जमिनीवर, फळी समतल, आणि फळीचे बूड कपाटाच्या बुडाशी एका रेषेत, अशी स्थिती आपोआप येते. याच स्थितीत चार इंची लोखंडी बिजागऱ्या, एका फळीला तीन, लावाव्यात: एक पान फळीच्या वरच्या पृष्ठभागावर आणि दुसरे कपाटाच्या बाजूच्या उभ्या पृष्ठभागावर. दोन्हीकडे ६ मिमीचे आरपार बोल्ट हवेत. बिजागरीबरोबर मिळणारे स्क्रू येथे वापरू नयेत. बिजागरी वरच्या कडेला असल्यामुळे फळीची बाहेरची कड वर उचलता येते, पण समतलाच्या खाली जात नाही, कारण तिची खालची कड कपाटाच्या बाजूवर अडते. हा अटकाव फुकटात मिळतो.

कपाट अजून १० मिमीच्या तुकड्यांवरच आहे, तोवर टेकू करून घ्यावा. फळीच्या वर साधारण १५० मिमीवर, कपाटाच्या बाजूला दोन मजबूत त्रिकोणी ब्रॅकेट लावून, त्यांवर बाजूपासून १०० मिमी बाहेर एक आडवी पट्टी बसवावी. तिच्या बुडाला एका लहान बिजागरीवर टेकू लोंबता ठेवावा. ३६ मिमी जाडीचा आणि २०० मिमी रुंदीचा तुकडा पुरतो. त्याची लांबी पट्टीच्या बुडापासून फळीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतच्या अंतराइतकी, त्यातून अर्धा मिमी कमी, इतकी नेमकी कापावी. टेकू ओळंब्यात आला की तो किंचित, दोन-तीन मिमी, कपाटाच्या बाजूला झुकून थांबावा यासाठी फळीवर त्याच्या आतल्या बाजूला एक बारीक पट्टी ठोकावी. टेकू बरोबर उभ्या रेषेत थांबला तर खडबडीत जमिनीवर धक्क्याने निसटू शकतो. किंचित आत झुकलेला टेकू वजनानेच घट्ट होतो.

पायांखालचे तुकडे काढल्यावर टेकू बाजूला करावा. कपाट पायांवर बसते, फळीची बाहेरची कड सुमारे वीस मिमी वर येते आणि चाके नुसती जमिनीला लागून मोकळी राहतात. हलवायचे असेल तेव्हा एका टोकाची फळी पायाने दाबून टेकू आत सरकवावा, मग दुसऱ्या टोकाचे तसेच करावे. परत बसवताना फळीवर पाय ठेवून दाब द्यावा, टेकू हाताने किंवा त्याला बांधलेल्या दोरीने बाहेर ओढावा आणि पाय हळूहळू उचलावा. पाय एकदम काढला तर ८० किलो वजन दहा मिमीवरून आदळते, आणि शहाबादी फरशी असेल तर तिला तडा जाण्याची भीती असते. चपला घालून हे काम करू नये, बूट हवेत.

या रचनेचा तोटा एकच: दोन्ही टोकांना दीडशे मिमी फळी बाहेर येते आणि अरुंद जागेत पायाला लागते. तेवढी जागा नसेल तर स्क्रूचे पायच बरे.

कपाट पुढे कलंडू नये

जागचे न हलणारे कपाट पुढे कलंडणार नाही, असे नाही. समजा, चार खणांत प्रत्येकी १५ किलो सामान आहे आणि चारही खण एकदम उघडले. त्यांचा मध्य कपाटाच्या पुढच्या कडेपासून सुमारे २०० मिमी बाहेर येतो. ६० किलो २०० मिमी पुढे, आणि उरलेले १०० किलो ३०० मिमी मागे, असा तोल राहतो आणि कपाट ठाम उभे असते. पण पाय पुढच्या कडेपासून ८० मिमी आत असतील, तर पुढे ६० किलो गुणिले २८० आणि मागे १०० किलो गुणिले २२०, असे होते. तोल इतका कमी उरतो की उघड्या खणावर हात टेकवून कोणी वाकले तर कपाट पुढे येईल. पाय पुढच्या कडेशी भिडवायला वर सांगितले ते यासाठी. जड सामान, म्हणजे बेंच ग्राइंडर, खिळ्यांचे डबे, लोखंडी क्लॅम्प, सर्वांत खालच्या खणात ठेवावे. कपाट चाकांवर असताना टेकण्याची जागा आणखी आत जाते, त्यामुळे हलवताना सगळे खण बंद राहतील अशी एक उभी पट्टी कडी-कोयंड्याने लावता आली पाहिजे.

कपाट छातीपेक्षा उंच असेल तर त्याला भिंतीशी धरणे आवश्यकच आहे. माथ्याजवळ एक टॉवर बोल्ट किंवा साखळी आणि भिंतीत हूक एवढे पुरते. विटांच्या भिंतीत रावळ प्लग, म्हणजे स्क्रू पकडण्यासाठी भोकात घालायची खुंटी, चांगला बसतो. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट-ब्लॉकच्या, भिंतीत साधा रावळ प्लग वजन धरत नाही, त्यासाठी त्या ब्लॉकसाठी बनवलेलाच अँकर घ्यावा. जमिनीत भोक पाडून खालून कडी अडकवण्याचा उपाय तळमजल्याच्या कोब्यावर उत्तम आहे. गच्चीवर तो कदापि करू नये, कारण एका भोकाने वॉटरप्रूफिंग जाते आणि पुढच्या पावसात खालच्या खोलीच्या छताला ओल धरते. सोसायटीच्या सामाईक पार्किंगमध्ये तर लेखी परवानगीशिवाय जमिनीला हातच लावू नये.

शेवटची चाचणी आणि देखभाल

सगळे जोडून झाल्यावर पुन्हा खडूच्या रेघा माराव्यात, या वेळी पायांभोवती. ओट्यावर एक सागवानी फळी अडकवून रंध्याचे पाते मुद्दाम थोडे जास्त बाहेर काढावे आणि लांबीच्या व आडव्या अशा दोन्ही दिशांनी जोरकस काही हात मारावेत. रेघ जिथल्या तिथे असेल तर काम झाले. पाय हलला नाही, पण ओटा थरथरतो असे वाटले, तर आधी पाठीच्या प्लायचे स्क्रू आणि मग पायांचे बोल्ट तपासावेत.

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा बिजागऱ्यांना तेल द्यावे, चाकांच्या आसांत गुंडाळलेले दोरे-केस काढावेत आणि पायांचे रबर ओल्या फडक्याने पुसावे. लाकूड पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, बिजागऱ्यांच्या खिळ्याही हळूहळू झिजतात, त्यामुळे उचलल्यावर पाय आणि जमीन यांतले अंतर कमी होत जाते. सुरुवातीला ते सात-आठ मिमी असते. चारच्या खाली आले की फरशीच्या सांध्यांवर पाय अडकू लागतात. अशा वेळी टेकू नवा करण्याची गरज नसते. त्याच्या खालच्या टोकाला एक मिमी सनमायकाचा तुकडा चिकटवावा; तरफेच्या मापामुळे एका तुकड्याने कपाट अर्धा मिमी वर येते, म्हणून तीन-चार तुकडे एकावर एक लावावे लागतात.